खंडेनवमीला साचे गप्प असतात

जुळे सोलापुरात आमच्या पुतण्याकडं एक गृहस्थ येतात. दिवाळी अंक काढतात. मागच्या महिन्यात मला म्हणाले, काका, हल्ली कंपन्यांमध्ये दिवाळीची पार्टी असते आणि तिथं कसं वागायचं, किती प्यायचं, साहेबासमोर काय बोलायचं नाही, याचा कागद आधी वाटतात. तुमच्या मिलमध्ये असलं काही होतं का? गमतीजमती असतील, लिहून द्या.

मी चौथी पास. तेही मास्तरांनी ढकललं म्हणून. शुद्धलेखन त्यांनी बघून घ्यावं. गंमत म्हणाल तर एकच आहे आणि ती मी पस्तीस वर्षं कुणाला सांगितली नाही. जिच्यासाठी गप्प होतो ती या आखाडात गेली. आता कुणासाठी गप्प बसू?

कागद वाटतात ते चांगलं करतात. आमच्या वेळी कागद नव्हता. मला मात्र घरातून निघताना तोंडी सांगितलेलं होतं. तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. मी तिन्ही मोडल्या.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एका कापडमिलच्या साचेखात्यात होतो. साचा म्हणजे माग. एका छपराखाली शेकडो साचे. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि प्रत्येक फेरीला लाकडाचा फटका. असे शेकडो फटके एकदम, आठ तास. नवीन माणूस पहिल्या दिवशी कानावर हात ठेवून बाहेर पळायचा. आठ दिवसांनी हात खाली यायचे. दहा-बारा वर्षांनी कान जायचे. कुणाचे थोडे, कुणाचे सगळे. त्याची बोंब कुणी मारायचं नाही, कारण बोंब मारली तर काम जायचं.

आणि खरं सांगू का, आत कानाचं काही कामच नव्हतं. आत आम्ही ओठांनी बोलायचो. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरचा वाचायचा. त्याला हाताच्या खुणा जोडीला. डोक्यावर तळवा ठेवला की मास्तर, म्हणजे खात्याचे साहेब, आले. मूठ वर केली की साचा बंद, जॉबरला बोलवा. बोलायचं तर उजेडाकडं तोंड करून बोलायचं, म्हणजे ओठ दिसतात. आणि कुणाचा राग आला तर शिवी द्यायची गरज नव्हती. तो बोलायला लागला की दुसरीकडं बघायचं. त्याच्याएवढा अपमान साचेखात्यात दुसरा नव्हता.

हे सगळं मला शिकवलं मल्लिनाथनं. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. मी बार्शीकडचा, घरची शेती करपली म्हणून सोलापूरला आलेला. अण्णानंच मला बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, लावलं, साच्यावर उभं केलं, तुटलेला धागा सांधायला शिकवलं, आणि पुढं स्वतःची धाकटी बहीण दिली. महादेवी. म्हणजे नोकरी त्याच्यामुळं आणि संसारही त्याच्यामुळं. ती दोघं अक्कलकोटच्या पलीकडची, एकमेकांत कानडी बोलायची. मला कानडी कानावर पडलं तर थोडं समजतं. ओठांवरचं मात्र समजत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

अण्णा पार बहिरा होता. अर्धामुर्धा नाही, पार. हे फक्त त्याच्या घरच्यांना, महादेवीला आणि मला माहीत. साचेखात्यात कुणाला पत्ता लागला नाही, कारण आत सगळेच बहिरे. उलट ओठ वाचण्यात त्याच्याएवढा तरबेज कुणी नव्हता. चार ओळी पलीकडं दोन विणकर त्याची चेष्टा करत असले तर इथून हसायचा. आणि साचा बिघडला की तळवा ठेवायचा. नुसता तळवा, वैद्यानं नाडी बघावी तसा. क्षणभर डोळे मिटायचा आणि कुठला भाग सैल झालाय ते बोटानं दाखवायचा. जॉबरला अर्धा तास लागायचा ते त्याला तळव्याला कळायचं.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे सगळ्यांना माहीत आहे. आमचं हत्यार साचा. आदल्या पाळीला साचे पुसून, तेल घालून लख्ख करायचे. सकाळी हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. त्या दिवशी साचा चालवायचा नाही. बायकापोरांना आत यायला मुभा असायची. घरचा माणूस वर्षभर कुठं उभा राहतो ते बायकांना तेवढ्या एका दिवशी दिसायचं. मोठे मास्तर यायचे, खात्याखात्यातून फिरायचे, पेढे आणि चिवडा वाटायचे, मग मधल्या वाटेत सतरंज्या टाकून कार्यक्रम.

तिथं लोक कसे वागायचे ते विचारू नका. वर्षभर मास्तरांच्या नजरेला नजर न देणारा माणूस त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर हात टाकायचा. एका बदली कामगारानं भक्तीच्या भरात नारळ दगडावर न फोडता साच्यावरच आपटला. बिडाचा पाय तडकला. साचा बंद आणि त्याची बदलीही बंद. आणखी एकजण मास्तरांच्या पाया पडला तो उठेचना, मला कायम करा म्हणून बूट धरून बसला. त्याची बायको शेजारी उभी राहून पदर तोंडात धरून रडत होती. लोक हसले. मीही हसलो. दुसऱ्याची फजिती होते तोवर अशा दिवसाला मजा असते.

अण्णा खंडेनवमीला कधी यायचा नाही. देवाचं आहे म्हणून गावाकडं जायचा. कारण उघड आहे. खंडेनवमीला साचे गप्प असतात. त्या एका दिवशी माणसं आवाजानं बोलायची, पाठीमागून हाक मारायची. त्या एका दिवशी तो उघडा पडला असता.

दुष्काळ सरून एक वर्ष झालं असेल. आमचे जॉबर म्हातारे झाले होते, दिवाळीनंतर घरी बसणार होते. जॉबर म्हणजे साच्यांचा मिस्त्री आणि विणकरांचा मुकादम, दोन्ही. विणकराला त्याच्यावर दुसरी पायरी नाही. मान अण्णाचाच होता, सगळ्यांनी धरलेलं. त्याच्या खाली माझा नंबर. मोठ्या मास्तरांनी सांगितलं, यंदा खंडेनवमीला सगळ्यांनी हजर राहायचं, नवीन जॉबरचं नाव मी तिथंच जाहीर करतो. म्हणजे अण्णाला गावाला जाता येईना.

निघताना महादेवीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. हिरवं इरकल नेसली होती. चाळीतल्या भिंती पातळ, म्हणून हळू बोलली.

"आज खातं गप असतंय. अण्णाला कायबी ऐकू येनार न्हाई. तुमी त्याच्या अंगाला चिकटून ऱ्हावा. कोन काय इचारलं तर तुमी त्याच्या म्होरं येऊन वटानं सांगा. शिंदी घिऊ नगा. आन चारचौघांत तोंड आवरा. तुमाला चढली की गमती सुचत्यात."

मी म्हणालो, मी काय लहान आहे का?

"लहान असता तर बरं झालं असतं. कडेवर घेतलं असतं की."

सकाळचा वेळ नीट गेला. मी अण्णाला चिकटून होतो. मास्तर समोरून आले, अण्णानं त्यांचे ओठ वाचून उत्तरं दिली. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. लांबून महादेवीनं बघितलं, मान हलवली. तेवढ्यात दोघाचौघांनी मला खूण केली. बॉयलरच्या मागं कोळशाच्या ढिगाआड शिंदीचं मडकं आणलेलं होतं. मी नाही म्हणालो. तर त्यातला एकजण म्हणाला, सोडा रं त्याला, बायकोला इचारून येऊ दे. मग मी गेलो. असल्या बोलण्याला माणूस का बळी पडतो ते मला अजून कळलेलं नाही. दोन गलास घेतले. एक चुकीचा, दुसरा पहिल्याच्या सोबतीला.

परत आलो तर सतरंजीवर शेलापागोटं सुरू झालेलं. हे खूळ आमच्या टाइमकीपरनं आणलं होतं. एकेकाचं नाव पुकारायचं, चिठ्ठी वाचायची आणि कागदात गुंडाळलेली भेट द्यायची. ती त्यानं सगळ्यांसमोर उघडायची. जाड्याला दोरी, चिकटाला फुटकी कवडी, असलं. भेट मिळालेल्यानं रागवायचं नाही, हसायचं, हा नियम. टाइमकीपरच्या हातात तोंडाशी धरायचा लाऊडस्पीकर होता, तेवढ्यासाठी भाड्यानं आणलेला.

अण्णा पुरुषांच्या रांगेत मधोमध बसला होता, एकटा. मी त्याच्याकडं चाललो होतो. खरंच चाललो होतो. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी पुढं गेलो, पुडकं सोडलं. आत खेळण्यातलं लाकडी लाटणं. चिठ्ठीत होतं, पाळी सुटली की जो शेपूट घालून घरी पळतो त्याच्या मालकिणीसाठी. सगळं खातं हसलं. बायकांच्या बाजूच्या बायकाही हसल्या. महादेवीनं खाली बघितलं.

नियम हसायचा होता. मला हसता आलं नाही. पोटात शिंदी, हातात लाटणं आणि सगळी तोंडं माझ्याकडं. मला एवढंच वाटलं की ही तोंडं दुसरीकडं वळली पाहिजेत. कुणाकडं का होईना. मी टाइमकीपरच्या हातातला लाऊडस्पीकर ओढून घेतला आणि म्हणालो:

"मला लाटनं दिलं, आता आमच्या मेव्हन्याला मिलचा भोंगा द्या. घरी न्हिऊन उशाला ठेवू दे. एवढा मोठा भोंगा सगळ्या सोलापूरला ऐकू जातोय, त्याला एकट्याला न्हाई जात."

काय हशा पिकला म्हणून सांगू. माझ्या आयुष्यात माझ्या बोलण्यावर एवढे लोक कधी हसले नाहीत.

लाऊडस्पीकर तोंडापुढं असल्यामुळं अण्णाला माझे ओठ दिसले नव्हते. त्याला एवढंच दिसलं की सगळे आपल्याकडं बघून हसताहेत. आपलं शेलापागोटं झालं असं त्याला वाटलं. नियम त्याला माहीत होता. म्हणून तोही हसायला लागला. माझ्याकडं बघून, दाजीनं काहीतरी चांगली गंमत केली म्हणून, दात दाखवून हसला.

मोठे मास्तर हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठले आणि रांगेच्या मागून चालत आले. अण्णाच्या पाठीशी उभे राहिले. "मल्लिनाथ," म्हणाले. अण्णा पुढं बघून हसत होता. "मल्लिनाथ." आता हशा थांबला. साचे गप्प, माणसं गप्प. तिसऱ्यांदा मास्तर एवढ्या मोठ्यानं ओरडले की छपरावरची कबुतरं उडाली. अण्णानं वर उडालेली कबुतरं बघितली आणि माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या, काय झालं म्हणून.

मी त्याला ओठांनी सांगू शकलो असतो. तेवढं बोलायला अर्धा क्षण लागतो. मी लाटण्याकडं बघत उभा राहिलो. महादेवी बायकांतून उठली, सगळ्या पुरुषांच्या मधून चालत आली आणि भावाच्या दंडाला हात लावला. त्याला मागं वळवलं. मागं मास्तर उभे होते.

त्या दिवशी नाव जाहीर झालं नाही. मास्तर म्हणाले, दिवाळीनंतर बघू.

दिवाळीनंतर अण्णाला ऑफिसात बोलावलं. तो म्हणाला, मला साचा तळव्यानं कळतो, परीक्षा घ्या. मास्तर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, कळत असेल, पण कुणाचा हात पट्ट्यात अडकला आणि तो ओरडला तर तुला कळेल का? साचेखात्यात ओरडलेलं कुणालाच कळायचं नाही, पण हे मास्तरांना तोंडावर कोण सांगणार? मी सांगायला पाहिजे होतं. मी दाराबाहेर उभा होतो. अण्णा बाहेर आला आणि मास्तरांनी मला आत बोलावलं. जॉबरची जागा मला दिली.

मी नाही म्हणू शकलो असतो. हे मी रोज स्वतःला विचारत आलोय आणि रोज उत्तर एकच येतं, की म्हणू शकलो असतो. मी हो म्हणालो. आणि पुढं वीस वर्षं खात्यातला प्रत्येक माणूस हेच धरून चालला की मी ते ठरवून बोललो. मी ठरवलं नव्हतं. पण ठरवून बोललो असतो तरी यापेक्षा नेमकं बोलता आलं नसतं, तेव्हा कुणाला काय सांगायचं?

अण्णाला सुताच्या गोदामात टाकलं. धोक्याचं नको म्हणून. तिथं आवाज नव्हता. दोन हमाल आणि एक कारकून, सगळे कानानं बोलणारे, गाठोड्यामागून, पाठमोरे. साचेखात्यात तो आमच्यासारखाच होता. गोदामात तो बहिरा झाला. बोलणं कमी झालं. आवाजाला चढउतार राहिला नाही. लोक खाणाखुणा करून चिडवायचे.

माझ्याशी त्याचं भांडण झालं नाही. तो घरी यायचा, जेवायचा, पोरांना खाऊ आणायचा. मी बोलायला लागलो की मात्र ताटाकडं बघायचा. नाहीतर खिडकीकडं. साचेखात्यातल्या माणसाला याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

आणि महादेवी. तिनं एक शब्द काढला नाही. लोकांना वाटेल बरंच झालं. तसं नसतं. ती भांडली असती, चार दिवस माहेरी गेली असती, तर मी पाया पडून तिला आणलं असतं आणि विषय मिटला असता. तिनं मला ती सोय ठेवली नाही. पुन्हा कधी खंडेनवमीला मिलमध्ये आली नाही, एवढंच. मी जॉबर म्हणून मास्तरांच्या शेजारी उभा राहायचो, ती घरी विळी नि उलथनं पुजायची. दसऱ्याचं सोनं आधी भावाला देऊन यायची, मग मला. आणि ते लाटणं तिनं चुलीपाशी खिळ्याला टांगून ठेवलं. एकदा मी म्हणालो, टाक की ते.

"असू द्या. नवऱ्याला कामावर मिळालेलं बक्षीस हाय," म्हणाली. रागानं नाही. भाकरी उलटता उलटता.

मिल बंद पडली, चाळ सुटली, घर बदललं. लाटणं नवीन घरात आलं. दर वेळी खिळा तीच ठोकायची.

या आखाडात तिला लकवा झाला. तोंड वाकडं झालं, आवाज गेला. ओठांचा अर्धा भाग हलायचा. मी उशाशी बसून असायचो. पोरं म्हणायची, आई काय म्हणते ते तुम्हाला कळेल, तुमचं आयुष्य ओठ वाचण्यात गेलं. पहिले दोन दिवस कळलंही. पाणी, उशी, खिडकी लावा. मग ती माहेरच्या बोलीत गेली. ओठ हलायचे आणि मी अडाण्यासारखा बघत बसायचो.

अण्णाला त्याच्या लेकीनं रिक्षातून आणलं. पंच्याहत्तरी उलटलेला, वाकलेला. तो खाटेवर बसला, तिच्या गळ्याखाली तळवा ठेवला, साच्यावर ठेवायचा तसा, आणि तिच्या ओठांकडं बघत राहिला. ती बोलायला लागली. अर्धा तास बोलली असेल. इतक्या वर्षांत माझ्याशी एका दमात एवढी बोललेली मला आठवत नाही. मध्ये एकदा तिनं डोळे फिरवून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा त्याच्याकडं बघून काहीतरी म्हणाली. त्या वेळी अण्णानंही एकदा माझ्याकडं बघितलं. मग मान हलवली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दिवस होईपर्यंत मी थांबलो. घर पाहुण्यांनी भरलेलं, तिथं कसं विचारणार? तेराव्याची पंगत उठली, माणसं पांगली. अण्णा ओसरीवर बसला होता, लेक रिक्षा आणायला गेली होती. मी त्याच्या समोर गेलो. उजेड माझ्या तोंडावर पडेल असा उभा राहिलो, त्यानंच शिकवलेलं. आवाज न काढता, सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. अण्णा, ती काय म्हणली? माझ्याबद्दल काय म्हणली का?

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तोंड फिरवलं नाही. माझ्या ओठांवर नजर ठेवून शेवटच्या शब्दापर्यंत बघितलं. चार ओळी पलीकडची चेष्टा वाचणारा माणूस, मी हातभर अंतरावर. मग त्यानं काठी घेतली, उठला, आणि त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाला:

"ऐकू न्हाई आलं, दाजी."